मनगटावरचा कोंबडा

धुळ्यात शिंदखेडा नाक्यावर माझी लूना दुरुस्त करणारा मिस्त्री ऑइलने इतका काळा असे, की दिवे गेले की गिऱ्हाइकं त्याला हाका मारून शोधत. लख्ख होता तो फक्त मनगटावर गोंदलेला कोंबडा. कुणी काहीही विचारलं, की तो आधी रॉकेलच्या चिंधीने कोंबडा पुसायचा आणि मग उत्तर द्यायचा. बाही कायम वर. तो कोंबडा बघून नाक्यावरच्या कोंबड्या अंडी घालायला गॅरेजात येत, हे मी स्वतः पाहिलंय.

"तू ख्रिस्ती ना? मग क्रूस सोडीसन कोंबडा काबर गोंदा?" मी एकदा विचारलं.

पुसून झाल्यावर तो म्हणाला, "येशूले पकडं तवय त्याना दोस्तनी तीनदा सांगं, मी याले वळखत नही. तितलामा कोंबडा आरवना. क्रूस देवना शे भाऊ. कोंबडा आपला शे."

पुढे एका हवालदाराने सायकलचोर समजून माझीच गचांडी धरली आणि नाक्यावर विचारलं, "याला कोण ओळखतं?" वर्षानुवर्षं माझ्या गप्पा ऐकलेले सगळे लोक आपापल्या चहाच्या कपात बघू लागले. मिस्त्रीने चिंधी उचलली. त्याचं पुसून होईपर्यंत चोपड्याला केळीचा एक घड पिकून, खाऊनही झाला असेल.

"मी वळखस याले. दोस्त शे मना."

"मग तूही चल."

चौकीच्या बाकावर बसल्यावर त्याने बाही खाली ओढली, कोंबडा नीट झाकला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "भाऊ, सायकल तूच चोरी का?"