इद्रीसचं गोल घर

आखाती वाळवंटातल्या धैद गावाजवळच्या खजुरांच्या बागेत ती पवनचक्की बांधली मोठ्या अरबाबांनी, म्हणजे शेताच्या जुन्या मालकांनी. तीस वर्षांपूर्वी ते हॉलंड पाहून आले आणि तिथल्यासारखीच गोल, दगडी चक्की त्यांनी उभी केली. वाऱ्यावर चार लाकडी पाती फिरली की मधला लोखंडी दांडा फिरे आणि विहिरीचं पाणी वर येई. दहाएक वर्षं आलं. मग पाणी खोल गेलं, डिझेलचा पंप बसला आणि चक्कीत बकऱ्यांचा चारा साठू लागला.

मोठे अरबाब वारल्यावर त्यांच्या मुलाने, उमरने ठरवलं की तिचं घर करायचं, सुट्टीला येऊन राहायचं. काम पडलं इद्रीसच्या गळ्यात.

इद्रीस मूळचा हर्णैचा सुतार. बावीस वर्षं अजमानात राहून त्याने लोकांची कपाटं बसवली, पण गोल भिंतीशी गाठ पहिल्यांदाच पडली. सरळ कपाट ठेवलं की मागे माणूस मावेल एवढी फट. शेवटी पातळ प्लायवूड भिजवून, वाकवून त्याने एकेक कपाट घडवलं. यात आठ महिने गेले. तरी त्याला खरं छळलं ते दांड्याने. तिन्ही मजल्यांच्या मधोमध तो उभा होता.

"सर, हा कापून टाकू या," इद्रीस म्हणाला.

"नको, बाबांची आठवण आहे. आणि पाती फिरलीच पाहिजेत. पाहुणे फोटो काढतील."

"वारा सुटला की अख्खं घर घुमेल, सर."

"इन्शाल्ला, बघू."

मार्चमध्ये उमरचं कुटुंब राहायला आलं आणि नेमका उत्तरेचा वारा सुटला. दुसऱ्या दिवशी नाश्ताही न करता सगळे निघून गेले. आठवड्याने उमरचा फोन आला. शेतावर विश्वासाचा माणूस हवाच होता, तेव्हा इद्रीसनेच बायको-मुलीसह तिथे राहावं.

सामान उतरवताना अलिशा दारातच थांबली. "अब्बा, धिस इज नॉट अ हाउस."

हमीदाला पलंग कुठेच नीट लावता येईना. "या दांड्याला वळसे घालत किती दिवस फिरायचं मी?"

"मी कापा म्हणूनच सांगत होतो."

"मग कापला का नाहीत?"

इद्रीस पलंगाचं दुसरं टोक उचलू लागला. पुढच्या दोन वर्षांत त्याने उमरला किती वेळा विचारलं याची मोजदाद नाही. दर वेळी इन्शाल्ला. शेवटी एका दुपारी तो चिडून शिडीने वर चढला आणि दांडा व पाती जोडणारं दातेरी चाक त्याने सोडवून टाकलं. घर शांत झालं. हमीदा त्या घरात पहिल्यांदाच दुपारची निवांत झोपली.

पण पात्यांवर आता कसलाच भार उरला नव्हता. आठवड्याभरात वाळूचं वादळ आलं, पाती भिरभिरली आणि त्यातलं एक निखळून पाण्याच्या टाकीवर आदळलं. टाकी फुटली. अलिशा स्कूलबसमधून तिथेच उतरायची, त्याला दहाच मिनिटं होती. इद्रीसने स्वतःच उमरला फोन करून सगळं सांगितलं.

उमर आला. सगळं फिरून पाहिलं, रागावला नाही.

"खलास. उरलेली पाती बांधून टाक. आणि तो दांडाही काढ, आता त्याचा काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी इद्रीसने कटर चालवला. सकाळभराचं काम होतं.

आता शुक्रवारी उमर पाहुणे घेऊन येतो. खोलीच्या मध्यावर उभा राहून सांगतो, "इथे एक दांडा होता. फार आवाज करायचा. मी काढायला लावला."

इद्रीस गाव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे कप देत असतो.

"सांगा ना एकदा त्यांना, तुम्ही आधीपासून काय म्हणत होतात ते," हमीदा स्वयंपाकघरात त्याला म्हणते.

"काय सांगू? पातं तर माझ्यामुळेच पडलं," इद्रीस म्हणतो आणि रिकामा ट्रे भरायला घेतो.