माझा नंबरच येईना

मंडळी, आज माझा धाकटा भाऊ नितीन अल्लीपूरहून सावंगीला माझ्याकडे आला, तोही आमच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमचा नवा भाग घेऊन.

तेव्हा आमचा नियम एकच होता. खेळातला गडी मेला की रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

नव्या भागातली चित्रं देखणी आहेत, पण गडी मरतच नाही! पडला की लगेच उठून उभा राहतो. अर्धा तास मी नुसती बघत बसले.

"काऊन गप्प वं ताई?"

"माहा नंबरच येऊन नाई राह्यला ना बाप्पा!"

नितीन हसला. धावता गडी तसाच सोडून त्याने रिमोट माझ्या हातात दिला. "घे, मेलो मी."

नवा भाग फसलाच, पण माझी दुपार छान गेली. तुमच्यासाठी असं खोटं खोटं मरणारं कुणी आहे का?