आक्काच्या कमरेतली सुई

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे. चौथी पास झाल्यावर ती शाळेतून उठली आणि वडिलांच्या मेंढरांमागं गेली, म्हणून मी शाळेत बसू शकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. धाराशिवला शिक्षक झालो तेव्हा आक्का ईटजवळच्या गावात, सासरी शेळ्या सांभाळत होती. गेल्या वर्षापर्यंत सांभाळत होती.

तिची कंबर आधी वैरणीचा भारा उचलताना धरायची. मग वाकून सरळ होताना धरायला लागली. आडवं पडलं की दुखणं थांबायचं, उठलं की सुरू. गोळ्या, पट्टा, विटेचा शेक, सगळं करून झालं. एमआरआयमध्ये वयाप्रमाणं झीज दिसली, नेमकं काहीच नाही. शेवटी मी तिला बार्शीला दुखण्यावर सुया देणाऱ्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मणक्यांच्या मागं छोटे सांधे असतात. त्यांचं दुखणं बारीक नसा पुढं नेतात. त्या नसांजवळ भूल दिल्यावर दुखणं थांबलं, तर ते बहुधा त्या सांध्यांचंच.

"ही सुई इलाज नाही, तपासणी आहे," ते म्हणाले. "भूल काही तासच राहील. तेवढ्यात रोजची कामं करा, वाका, उचला. शंभरातलं किती दुखणं गेलं ते सांगा. दोनदा बघू. दोन्ही वेळा फरक पडला तर त्या नसा सुईनंच तापवून बंद करू."

"शंभरातलं मला कळायचं न्हाय, साहेब," आक्का म्हणाली. "रुपयात सांगते."

डॉक्टर हसले. "चालेल. आण्यात सांगा."

तिला पालथं झोपवून, पडद्यावर मणके बघत त्यांनी सुया दिल्या. तिचा मुलगा तिला जीपनं गावाकडं घेऊन गेला, मी शाळेवर परतलो. संध्याकाळी तिचा फोन आला. "बारा आणे गेलं रं."

तिला देण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या हाती लागलं होतं.

दुसऱ्या सुईला ती म्हणाली, चौदा आणे. डॉक्टरांनी नसा तापवून बंद केल्या आणि काही आठवडे वाट बघायला सांगितलं. आठवडे गेले, महिने गेले. फोनवर आक्काचं एकच, "बरं हाय."

दिवाळीला गेलो, तर ती चौकट धरून उठत होती. दावणीला शेळी नव्हती. मी काही विचारायच्या आत तिची सून म्हणाली, "मामा, आमी कसूर केली न्हाय. दोन्ही बारीला जीपमधून उतरल्या तशा आत्याबाईंना बाजेवर पाडलं. बाळंतिणीगत ठिवलं. पाणी प्यायला बी उठू दिलं न्हाय."

"माझ्या खऱ्या बाळंतपणात इतका आराम मिळाला न्हवता," आक्का म्हणाली.

"अगं, पण डॉक्टरांनी कामं कर म्हणून सांगितलं होतं ना?"

"डाक्टर म्हनतेत. कमरेत सुई घेऊन भारा कोण उचलतं रं? लोकं माझ्या सुनेला काय म्हनली असती?"

सून चहा टाकायला आत गेली. आडवं पडल्यावर आक्काला तसंही दुखत नव्हतं. ते बारा आणे बाजेचे होते. त्यातले सुईचे किती, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

मी बार्शीला जाऊन सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "मग दुखणं मुळात त्या सांध्यांचं नसेलही. पुन्हा तपासावं लागेल. तिथलं नाही असं निघालं, तर मात्र माझ्याकडं फारसं काही उरत नाही."

आक्का पुन्हा यायला तयार नाही. फोनवर विषय काढला की "बरं हाय" म्हणून ठेवून देते. म्हणून मी तिला पत्र पाठवलं. ते असं :

आक्का,

फोनवर तू खरं बोलत नाहीस म्हणून लिहितोय. सावकाश, बोट ठेवून वाच. सुनेला दाखवू नकोस. तिनं मायेनंच केलं, तिला उगाच लागेल.

डॉक्टर पुन्हा सुई द्यायला तयार आहेत. या वेळी मी रजा टाकून तुझ्याबरोबर गावात येईन. अंगणात, सगळ्यांदेखत, वैरणीचा भारा मीच तुझ्या डोक्यावर देईन. लोकांना बोलायचं असेल तर मला बोलतील.

तू बरी होशील असं मी लिहीत नाही. दुखणं तिथलं नाही असं निघालं, तर पुढं काय करायचं ते मला माहीत नाही. तू मला एवढं शिकवलंस, पण त्यात याचं उत्तर मला सापडत नाही.

एवढंच मागतो. त्या दिवशी मी विचारेन तेव्हा खरं सांग. एक आणाही गेला नसेल तर न्हाय म्हण. मला बरं वाटावं म्हणून आणे वाढवू नकोस.

यायचं नसेल तर तसंही लिही. पण बरं हाय असं लिहू नकोस.

तुझा धाकटा