काहीच न सांडणारी गिरणी

माझी माय लातूरच्या एका डाळगिरणीत डाळ निवडायची. संध्याकाळी भोंगा झाला की तिथल्या बाया झाडू घ्यायच्या. दिवसभर चाळणीखाली, पोत्यांच्या वाटेवर जे सांडलं ते झाडून ढीग करायचा, ढिगाचे वाटे पाडायचे आणि पदरात बांधून घरी न्यायचे. याला झाडण म्हणत. ती झाडण माय अंगणात पाखडायची. कण्या आम्हाला, चुनी-टरफल म्हशीला. जिल्हा नुकताच झाला होता. चौकात कमानी उभ्या होत्या आणि नळ कोरडे होते. कडबा बघायला मिळत नव्हता. त्या दुष्काळात आमची म्हैस उभी होती ती झाडणीवर.

मला झाडणीची चीड होती. मी पत्रकं लिहिणाऱ्यांतली. धम्म घेतल्यावर आमच्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, दारोदारची भाकर सोडली. ते काय शहरात येऊन मालकाच्या पायाखालचं उचलायला? मजुरी वाढवा, झाडण नको, असं आम्ही छापून वाटलं होतं. माय म्हणायची, मजुरी वाढंल तवा वाढंल, आज म्हशीपुढं काय टाकू?

मग मालकाचा जावई गिरणी बघायला लागला. मोठ्या कारखान्यात शिकून आलेला. पहिले काही दिवस तो नुसता चाळणीपाशी उभा राहून बघायचा: काय सांडतं, कोणतं पोतं दोनदा उचललं जातं, कोण कशासाठी थांबून राहतं. मग त्यानं चाळणीखाली पत्र्याची पन्हाळ बसवली, सांध्यांना कापडी बाह्या शिवल्या, पोती डाळ पडते तिथंच आणली. हमालांच्या खेपा कमी झाल्या. धूळ उडायची थांबली. मायचा खोकलासुद्धा उतरला. हे मी लपवणार नाही. डोकं होतं त्या माणसाला. बाया पाठीमागं म्हणायच्या, जावईबापू लई गुणाचे, सासऱ्याचा दाणा भुईला टेकू देत न्हाईत.

पन्हाळ बसली त्या संध्याकाळी मी मायला आणायला गिरणीच्या दारात उभी होते. भोंगा झाला. बायांनी झाडू घेतले. फरशी लख्ख. तरी त्या झाडत राहिल्या, भिंतीपासून दारापर्यंत, ओळीनं, कुणी कुणाकडं बघेना. पुढंही कित्येक दिवस तसंच. हात थांबवला तर आपणच हक्क सोडला असं होईल, या भीतीनं. रिकाम्या फरशीवरचे ते झाडू मला अजून ऐकू येतात. सभेत बोलताना, भर दुपारी, मधेच.

मी जावयाकडं गेले. त्यानं खुर्ची दिली. आमचं पत्रक वाचलंय म्हणाला, पटलंय म्हणाला. जमिनीवरचं वेचून कुणी खाऊ नये. मी म्हटलं, मग जो दाणा वाचवलात तो मजुरीत घाला.

"ताई, वाचवलेलं वाटून टाकलं, तर वाचवलं काय?"

"सांडत होतं ते वाया जात नव्हतं, साहेब. ते आमच्या घरी येत होतं."

त्यानं चहा मागवला. आमच्या पत्रकातलं अर्धं वाक्य त्यानं तेवढं घेतलं होतं, झाडण नको हे. मी चहाला हात लावला नाही. मजुरी होती तीच राहिली.

म्हशीच्या बरगड्या वर आल्या. तिला उठवायला आम्ही दोघी लागायचो. शेवटी देगलूरकडचा एक व्यापारी आला; तिकडं नदीकाठाला हिरवं आहे म्हणाला. खरं-खोटं कोण बघायला गेलं होतं. मायनं भाव केला नाही. दावं त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाली, "चुनी भिजवून देत जा बाबा. कोरडी खात न्हाई ती."

"हाव माय," तो म्हणाला.

म्हैस त्याच्यामागं निमूट गेली. त्याच्याकडं चुनी आहे का, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं. मायनं माझा हात दाबला.