चेहऱ्याचा भाव

शाळेतली चित्रकलेची नोकरी संपल्यावर मी कांदिवलीत घराजवळच्या बागेबाहेर रविवारी संध्याकाळी स्टूल टाकून बसायला लागलो. समोर बसेल त्याचं पेन्सिलने चित्र काढून द्यायचं. आधी दोनशे रुपयांची पाटी लावली. लोक वाचायचे आणि पुढे जायचे. मग पाटी बदलली : 'किंमत तुम्हीच ठरवा.'

गर्दी झाली. एकटा माणूस नोटेची बारीक घडी करून, माझ्याकडे न बघता डब्यात टाकायचा. सोबत मैत्रीण असली की तोच माणूस पाचशेची नोट चारचौघांना दिसेल अशी धरायचा. पोराच्या चित्राला आईबाप हात आखडता घेत नसत.

एकदा पन्नाशीचं जोडपं आलं. बाई नको नको म्हणत बसल्या, केस सारखे केले. चित्र हातात घेतल्यावर चक्क लाजल्या. "बरी दिसते की मी अजून!"

नवऱ्याने पाकीट उघडलं. मोठ्या नोटा बाजूला सारून वीसची काढली. बाईंची नजर पाकिटावरच होती.

"अहो, वीस?"

"मग काय? एक कागद तर आहे. आणि त्यांनीच लिहिलंय ना, तुम्ही ठरवा म्हणून."

"हो. ठरवलंत तुम्ही."

मागे उभी असलेली माणसं त्याच्याकडे बघायला लागली. नवऱ्याच्या ते लक्षात आलं. त्याने पाचशेची नोट ओढून माझ्यासमोर धरली. "घ्या काका, पाचशे घ्या! झालं समाधान?"

"आता नको," बाई म्हणाल्या. स्वतःच्या पर्समधून दोनशे काढून त्यांनी डब्यात टाकले, चित्राची गुंडाळी केली आणि चालू लागल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

मी पाचशेला हात लावला नाही.

"सरळ भाव लिहा ना!" तो माझ्यावर खेकसला. "घरात भांडणं लावायचे धंदे!" आणि बायकोला हाका मारत धावला.

पुढच्या मुलीचं नाक दोनदा खोडलं. त्यानंतर मी शंभर रुपये लिहूनच बसतो. माणसं कमी येतात.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबवून तिने विचारलं, "माझ्या चित्राला तुम्ही पाकिटातून किती काढले असते?"

"काहीतरीच काय!" मी हसलो.

ती हसली नाही. मी मनात आकडा शोधायला लागलो, आणि जितका वेळ जात होता तितकं बोलणं अवघड होत होतं.