फुकट

ताट माझ्यापुढं आलं आणि मास्तरांनी ते मागं घेतलं.

मी ओंजळ पुढं केली होती. ताटात तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीचे बारके तुकडे होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष. गहू कुठून आणायचा? प्रभुभोजनात येशूच्या आठवणीनं वाटायची भाकरसुद्धा रेशनच्या मिलोची आणि द्राक्षरस म्हणजे मनुके उकळून गाळलेलं पाणी. माझ्या डावीकडच्या म्हातारीला तुकडा मिळाला. उजवीकडच्याला मिळाला. माझी ओंजळ तशीच.

"तुझं अजून झालेलं नाही," मास्तर म्हणाले. सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाले.

"वरीस झालं की मास्तर."

"वर्ष मोजतोस? मग तो पश्चात्ताप नाही, मजुरी झाली. आणखी एक वर्ष. फडा घे आणि बाहेर थांब. उपासना सुटली की अंगण झाडायचंय."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते जालन्याहून यष्टीनं दोन महिन्यांतून एकदा यायचे, आले की प्रभुभोजन व्हायचं. त्यांनी मान वर केली नाही.

फडा दाराशी होता. शिंदीचा. माझ्या बापानं बांधलेला. आम्ही मांग. दोर वळायचे, फडे बांधायचे, ही आमची पिढीजात कामं. बाप ख्रिस्ती झाला तो एवढ्याचसाठी, की लेकाच्या हातात फडा बघून गावानं त्याची जात ओळखू नये. तो फडा मला चर्चनं दिला. मी घेतला. काही न बोलता बाहेर आलो.

का बोललो नाही, ते सांगायला पाहिजे. मी निर्दोष असतो तर बोललो असतो.

आमचं गाव टेंभुर्णीपासून पायी तासाभरावर. दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात मिशननं दुधाची पावडर पाठवली. दवंडी झाली : लेकरांना आणि बाळंतिणींना दूध फुकट, कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या. शाळेमागं चूल मांडली. मास्तर मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि चर्चचे मोठे पंच. त्यांचे आजोबा वरच्या जातीतून ख्रिस्ती झालेले. 'आम्ही भाकरीसाठी आलो नाही' हे वाक्य त्यांच्या प्रत्येक उपदेशात असायचं आणि ते म्हणताना त्यांची नजर आमच्या बाकांवर असायची.

त्यांनी मला पातेल्यापाशी उभं केलं. हातात ओगराळं दिलं. मी पंचविशीतला. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी द्यायच्या बाजूला उभं होतं. हे मला आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. पहाटे उठून मी शर्ट धुवायचो आणि ओलाच घालून जायचो.

मास्तरांनी एक रीत लावली. दूध घेण्याआधी हात जोडायचे आणि प्रभूचं नाव घ्यायचं. बाया हात जोडायच्या. लेकरंही जोडायची. पोटाला लागलं की काय अडतं? माझ्यापुढं माणसं हात जोडून उभी राहायची. मी मनातल्या मनात म्हणायचो, हे प्रभूला जोडलेले हात आहेत. पण प्रभू तिथं नव्हता. मी होतो.

एक दिवस गयाबाई आली. बौद्धवाड्यातली. पन्नाशीची असेल. सडकेच्या कामावर खडी फोडायची. कडेवर नात, दोनेक वर्षांची, मान टाकलेली. लेकरू पिवळं पडलं होतं. गयाबाईनं ॲल्युमिनियमचा गडवा पुढं केला.

"हात जोड मावशी," मी म्हणालो.

"कशाला?"

"रीत हाय."

"आमी धर्म घेतल्यापासून कुनापुढं हात जोडले न्हाईत. गावच्या देवापुढं न्हाई अन् पाटलापुढं बी न्हाई. अन् तू कोन रं? फुकट हाय म्हनून दवंडी दिल्ती का न्हाई तुमी?"

"फुकटच हाय की."

"मंग हात कशाचे मागून राह्यला? हात मागितले का फुकट न्हाई राह्यलं. यवढं बी कळंना का तुला?"

रांगेतल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "बराबर हाय बाई तिचं." दुसरी म्हणाली, "आवं, सायब लई गरम झालं."

मी झालो होतो. ओगराळं भरलेलं होतं, गडव्याच्या तोंडाशी नेलेलं. माझ्या तोंडून निघालं ते असं :

"फुकट्यायचा तोरा तर बघा."

आणि दूध परत पातेल्यात ओतलं.

फुकट्या. हा शब्द माझ्या बापाला पाटलाच्या ओसरीवरून रोज मिळायचा. मी तो उचलला आणि एका म्हातारीच्या तोंडावर मारला. तिनं नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली.

त्याच महिन्यात पोर वारली. हगवणीनं, असं लोक म्हणाले. त्या वर्षी बरीच लेकरं गेली. रोजच्या दुधानं ती वाचली असती का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण ओगराळं माझ्या हातात होतं हे मला माहीत आहे. पुढं मिशनची गाडी घेऊन आलेल्या माणसाकडून आणखी एक कळलं. हात जोडायची रीत मिशनची नव्हतीच. वरून हुकूम होता, कुणालाही काही विचारायचं नाही. रीत मास्तरांची होती. आणि ती पाळणारा मी.

मी मास्तरांकडं गेलो. रडलो. सगळं सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "रीत चुकीची नव्हती. तुझी जीभ चुकली. पापाला कामाचा उतारा लागतो. वर्षभर चर्चची झाडलोट कर. तोवर प्रभुभोजन नाही. देव बघतोय."

मला बरं वाटलं. शिक्षा मिळाली की माणसाला बरं वाटतं.

वर्षभर मी झाडलं. आधी चर्च, मग चर्चचं अंगण. मग मास्तरांचं अंगण, गोठा, संडास. मास्तरीणबाई सांगायच्या, "आलाच आहेस तर तेवढं करून जा." मी करायचो. शुक्रवारी उपास धरायचो. माझ्या वाटणीची भाकर भिकाऱ्याला द्यायचो. दर महिन्याला स्वतःला चाचपून बघायचो, हलकं झालं का? होत नव्हतं. मग आणखी जोरात झाडायचो. चांगल्या कामांचा ढीग वाढत होता आणि त्याखाली ती पोर तशीच पडून होती, मान टाकून.

गयाबाईच्या दारात मी पाण्याचा हंडा ठेवून यायचो. दीड कोसावरच्या विहिरीचं पाणी. तीनदा ठेवला. चौथ्यांदा ती दारातच उभी होती.

"उचल त्यो."

"मावशी, दुष्काळ हाय. राहू दे."

"तुझं पानी तुझ्यासाठी हाय. माझ्यासाठी न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय? उचल."

मी उचलला. रस्ताभर तिचं वाक्य चावत राहिलं. खरंच होतं ते. हंडा मी तिच्या तहानेसाठी ठेवला नव्हता. झाडत होतो तेही देवासाठी नव्हतं. सगळं माझ्यासाठी चाललं होतं. मला सुटायचं होतं.

असं ते वर्ष गेलं आणि तो रविवार आला. ताट मागं गेलं. मी फडा घेऊन बाहेर, खिडकीखाली उभा.

आत भाकर वाटून झाली होती आणि पाळकसाहेब शास्त्र वाचत होते. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत सांगू लागले, की तारण कृपेनं होतं, विश्वासानं होतं. माणसाच्या कामांनी होत नाही, म्हणजे कुणाला फुशारकी मारता येऊ नये. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाठच होतं. पण आमच्या वाड्यात कृपा हा शब्द कुणी बोलत नाही. आमच्याकडं मेहरबानी म्हणतात. आणि मेहरबानी काय असते ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पाटलानं आमच्या झोपडीला हातभर जागा दिली. म्हणाला, मेहरबानी समज. त्या जागेपायी बाप मरेपर्यंत त्याच्या बैलांचे दोर वळत राहिला आणि वर त्याच्या शिव्या खात राहिला. मेहरबानी म्हणजे जन्मभर वाकायचं. देवाची कृपा म्हणजे सगळ्यांत मोठ्या पाटलाची मेहरबानी, असंच मी धरून चाललो होतो. म्हणून तर झाडत होतो.

त्या खिडकीखाली मला गयाबाई ऐकू आली. हात मागितले का फुकट न्हाई राह्यलं.

मी भिंतीला टेकलो. शब्द चुकला होता. एकटा मीच चुकलो नव्हतो, मास्तरही चुकले होते, आमची अख्खी आळी चुकली होती. कृपा म्हणजे मेहरबानी नव्हे. कृपा म्हणजे फुकट. निव्वळ फुकट. ज्याच्या बदल्यात देणारा काहीच मागत नाही, हातसुद्धा नाही, वर्षभराची झाडलोटही नाही. जो शब्द आमच्या तोंडावर शिवीसारखा फेकला जायचा, तोच. आणि देवाची ही गोष्ट मला एका बाईनं सांगितली होती, जी माझा देव मानत नव्हती. तिला मी दूध दिलं नव्हतं.

मी फडा भिंतीला लावला. आत गेलो. चपला दाराशी काढल्या आणि बाकांच्या मधून सरळ टेबलापर्यंत गेलो. मास्तर आडवे आले.

"बाहेर थांब म्हटलं ना?"

"ह्ये फुकट हाय का न्हाई, यवढं सांगा."

"काय?"

"तारण. फुकट हाय का न्हाई?"

"लायकी बघ स्वतःची. एका लेकराचा जीव..."

"लायकी न्हाईच माझी. म्हून तर आलो. लायकी असती तर कशाला आलो असतो?"

आता कुणी हसत नव्हतं. मी पाळकसाहेबांकडं वळलो आणि मोठ्यानं, सगळ्यांसमोर, जे केलं होतं ते सांगितलं. गयाबाईचं नाव घेऊन. रीत कुणाची होती तेही. हात मी जोडले नाहीत. नुसते उघडे धरले.

पाळकसाहेबांनी एकदा मास्तरांकडं पाहिलं, एकदा ताटाकडं. म्हातारा माणूस. मास्तरांच्या घरीच जेवायचा, तिथंच उतरायचा. मग त्यांनी मिलोचा एक तुकडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. प्याल्यात काही उरलं नव्हतं. मी तो कोरडा तुकडा खाल्ला. मास्तर टोपी उचलून बाहेर गेले. निम्मी माणसं त्यांच्यामागं गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुधाच्या चुलीवरचं माझं कामही काढून घेतलं. हे व्हायचंच होतं.

चार दिवसांनी मी गयाबाईकडं गेलो. हातात काही नेलं नाही. हंडा नाही, भाकर नाही. ती दारात जोंधळ्याचा कोंडा पाखडत होती.

"मावशी, ते दूध मी परत ओतलं. रीत मिशनची न्हवती. मला ती ग्वाड लागत व्हती. चूक माझी."

तिनं सूप खाली ठेवलं. "तुज्या देवानं सोडलं म्हनं तुला. समद्या गावात बोलून राह्यलेत."

"व्हय."

"कितीला?"

"फुकट."

ती म्हणाली, "चांगलं झालं. त्याची काय नात मेली व्हती? मी न्हाई सोडलं."

आणि सूप घेऊन आत गेली.

माझ्या देवाचाही लेक क्रुसावर मेला होता, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. ते तिच्यावर फेकायचा हक्क मला नव्हता.

तिनं मला शेवटपर्यंत सोडलं नाही. मीही पुन्हा मागायला गेलो नाही. देवानं क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. त्याच्या बळावरच मी सकाळी उठतो. पण त्या क्षमेची पावती घेऊन गयाबाईच्या दारात उभं राहायचं, हा मला दुसरा गुन्हा वाटतो. फुकट मिळालं म्हणून ते स्वस्त होतं असं नाही. आणि पोर परत येत नाही.

आता मी पन्नाशीला आलोय. मास्तर गेले, गयाबाई गेली. लोकांनी मला पंच केलं. गेल्या आठवड्यात बैठक झाली. गावाबाहेरच्या वीटभट्टीवरची पाच-सहा घरं बाप्तिस्मा मागतायत. नव्या पंचांचं म्हणणं, आधी सहा महिने त्यांची वागणूक बघू. दारू सुटते का बघू. तोवर बायांनी चर्चचं आवार सारवून द्यावं, म्हणजे मन कळेल. ठराव लिहून तयार आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्यात, एक माझी राहिलीय.

परवा सेक्रेटरी घरी आला. "काका, नुसती सही तर करायचीय. रीतच हाय ती."

मी त्याला पाणी दिलं आणि कागद परत केला.

येत्या रविवारी पंच म्हणून पहिल्या बाकावर मी बसणार नाही. भट्टीवरच्या माणसांना घेऊन येणार आहे, आहेत तशी, विटांच्या धुळीसकट. त्यांना दाराबाहेर थांबवलं, तर त्या चर्चचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडेपर्यंत मीही आत जाणार नाही.