आईने न घेतलेलं नाव

अंबरनाथला बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. कारखान्यातल्या लोकांनी उचलून घरी आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, माणसं ओळखणंही गेलं. कौलांकडे बघत नुसते पडून असायचे.

शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पातले सिंधी डॉक्टर यायचे. ते आईला म्हणाले, "बाई, नाम लेके पुकारो. रोज पुकारो. आदमी सब भूलता है, अपना नाम नहीं भूलता."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईच्या हाडीमाशी खिळलेलं. डॉक्टर गेल्यावर माझं डोकंच फिरलं. "अगं, राहिलंय काय आता कमी व्हायला? घे की नाव!"

"नाही गं घेववत," ती म्हणाली.

मग मीच बाबांच्या कानाशी वाकले आणि त्यांचं नाव घेऊन ओरडले. पुन्हा ओरडले. पापणीसुद्धा हलली नाही. आईने माझ्या तोंडावर हळूच हात ठेवला. "बापाला असं हाकारतात होय?" एवढंच. चिडलीसुद्धा नाही, याचाच मला जास्त राग आला.

ती आपली बोलतच राहिली. "अहो, उठलात का?" "अहो, पाणी कोमट केलंय हं." "अहो, आज पडवळ केलंय, चालेल ना?" विचारून खरोखर थांबायची, मगच घास भरवायची. सोमवारी शंकराला जाऊन आली, की पुन्हा "अहो". पावसाळा गेला, थंडी गेली. मला तर वाटायचं, सुटले तर बरं होईल बिचारे. आणि आम्हीही.

उन्हाळ्यात एका सोमवारी आई देवळात गेली होती. मी भाकरी थापत होते. मागून घोगरा आवाज आला, "अगं."

बाबा आईला हाक मारायचे ती कायम अशीच. मी पिठाच्या हातांनी धावले. "बाबा! अहो बाबा, मी आहे!" माझ्यावरची नजर काढून ते दाराकडे बघत पुन्हा म्हणाले, "अगं." तेवढ्यात आई उंबऱ्याशी आली. "आले हो," म्हणाली आणि तिथेच बसून रडायला लागली.

तो एकच शब्द परत आला. तहान लागली तरी तोच, दुखलं तरी तोच. आई दर वेळी हातातलं टाकून जायची. त्यानंतर ते दोनेक वर्षं जगले. मी रोज समोर बसून विचारायची, "बाबा, मी कोण?" ते माझ्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, आणि मग आईला हाक मारायचे.